गुरुलिंगअप्पांनी लिहिलेला सिस्टरांचा इतिहास

गुरुलिंगअप्पा सेक्रेटरींशी बोलायला जाताना माणसं घरूनच विचार करून निघत. कारण अप्पा बोललेल्या वाक्यावर सही घेत.

म्हणजे असं, की बोलण्याच्या ओघात आपण म्हणून जातो, उद्या येतो, किंवा तुमची शेळी आमच्या परसात आली नव्हती. ऐकणारा ऐकतो आणि विसरतो. अप्पा कोटाच्या खिशातून वही काढत, आपलं वाक्य जसंच्या तसं लिहीत, खड्या आवाजात वाचून दाखवत आणि पेन पुढं करत. सही येत नसेल त्याच्यासाठी दुसऱ्या खिशात निळ्या शाईचं पॅड असे. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांचे डावे अंगठे त्या काळात कायम निळे असत. परगावच्या पाहुण्याला वाटे, इथं नुकतंच मतदान होऊन गेलंय.

"अप्पा, मी आपलं सहज बोललो," असं कुणी म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. "सहज बोललात तर सहज सही करा. नोंद न्हाय म्हंजे घडलंच न्हाय."

एकदा एस.टी. स्टँडवरचा कंट्रोलर म्हणाला, सोलापूर गाडी दहा मिनिटांत येईल. अप्पांनी त्याची सही घेतली. गाडी अडीच तासांनी आली. तेवढा वेळ अप्पा त्याच्या खिडकीसमोर तो कागद दोन्ही हातांनी धरून उभे राहिले, देवापुढं आरतीचं ताट धरावं तसे. त्या दिवसापासून तो कंट्रोलर कुठल्याच गाडीविषयी काही सांगेनासा झाला. विचारलं की म्हणे, "येईल तेव्हा दिसेल." गाव त्याच्यावर चिडलं, पण उमरग्याच्या स्टँडवर इतकं खरं त्याच्याआधी कुणी बोललं नव्हतं.

अप्पा विविध कार्यकारी सोसायटीचे सेक्रेटरी होते. जन्मभर सभांचे वृत्तांत लिहून त्यांची जीभही तशीच वळली होती. गल्लीत कुणी वारलं की ते खांदा द्यायच्या आधी विचारत, "दुखवट्याचा ठराव कोण मांडतंय?" जेवायला बोलावून कुणी तिसरी भाकरी वाढायला लागलं की ताटावर हात आडवा धरून म्हणत, "उपसूचना नको." घरी एकटेच राहत. त्यामुळं घरातले सगळे ठराव सर्वानुमते मंजूर होत.

मी त्या वेळी तहसीलसमोर टायपिंग इन्स्टिट्यूट चालवत होतो. तीन मराठी मशिनं, दोन इंग्रजी आणि एक बाक. बाक विद्यार्थ्यांसाठी होता. पण सोसायटी सुटली की त्यावर अप्पा बसत आणि मशिनांच्या आवाजात त्यांना झोप छान लागे. अशा एका दुपारी सिस्टर फिलोमिना माझ्याकडं आल्या आणि त्यांनी विचारलं, "गावात शुद्ध मराठी कोण लिहितो?"

मी विचार न करता बाकाकडं बोट दाखवलं. पुढचं सगळं त्या बोटानं केलं.

सिस्टर लोकांचं घर हैदराबाद रस्त्याला, गावाच्या जरा बाहेर. पुढं पत्र्याचा दवाखाना, मागं राहायच्या चार खोल्या आणि एक छोटं प्रार्थनाघर. त्यांच्या संघाचं पूर्ण नाव इतकं लांब, की पहिल्यांदा टाईप करताना माझ्या तीन ओळी त्यातच गेल्या. गावानं ते सगळं 'शिस्टर' या एका शब्दात भागवलं होतं. बहात्तरच्या दुष्काळात तीन सिस्टर इथं आल्या, दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायांच्या पोरांना दूध आणि सुकडी वाटली, आणि दुष्काळ संपल्यावर परत गेल्याच नाहीत. आता त्याला बारा वर्षं होत आली होती. पुण्याच्या मोठ्या मदरनं कळवलं होतं, की तुमच्या गावातल्या घराचा इतिहास लिहून पाठवा. चार पानं पुरेत.

"चार पानांत?" अप्पा जागे होऊन म्हणाले. "चार पानांत आमच्या सोसायटीच्या एका सभेचं इतिवृत्तबी मावत न्हाय."

सिस्टर फिलोमिना मंगळूरकडच्या. पन्नाशीच्या, बुटक्या आणि कामाला वाघ. मराठी त्यांना येत होतं, पण त्यात कर्ता एका गावाला आणि क्रियापद दुसऱ्या गावाला असे. त्यामुळं अप्पांना पानांच्या मर्यादेबद्दल त्यांनी जे काही समजावलं, ते अप्पांना पाहिजे तसं समजलं.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी अभ्यासाला सुरुवात केली. माझ्या बाकावर बसून ते मला ख्रिस्ती धर्म समजावून सांगू लागले.

"हे समदं आपल्या सहकारासारखंच हाय, दिगंबर. वर रोम, म्हंजे शिखर संस्था. मग बिशप, म्हंजे जिल्हा. मग मदर, म्हंजे तालुका. आन् आपल्या शिस्टर गावपातळीवर."

"आणि पोप?"

"अध्यक्ष. तहहयात. निवडणूक मेल्यावरच." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, की सोसायटीत हा नियम आधीच का केला नाही असं त्यांना वाटत असावं.

सिस्टर होताना तीन शपथा घ्याव्या लागतात: गरिबीची, ब्रह्मचर्याची आणि आज्ञापालनाची. अप्पांनी लिहिलं, 'सभासदत्वाच्या अटी तीन.' नव्या मुलींना काही वर्षं शिकाऊ म्हणून ठेवतात. अप्पांनी लिहिलं, 'उमेदवार सभासद, मताधिकार नाही.' शंभर-दीडशे वर्षांपूर्वी युरोपातल्या कुठल्याशा गावात एका विधवा बाईनं आजाऱ्यांची सेवा करायला हा संघ काढला होता. तिला अप्पांनी 'संस्थापक चेअरमन' केलं. पहिल्या प्रकरणाला नाव दिलं 'संस्थेची स्थापना, उद्देश व कार्यक्षेत्र' आणि त्यात ती बाई उमरग्यापर्यंत यायलाच साठ पानं लागली. स्वतः ती कधी आली नव्हती हा भाग वेगळा.

रोज चार वाजता, दवाखाना बंद असायच्या वेळेला, अप्पा नवी पानं घेऊन सिस्टरकडं जात. सिस्टर व्हरांड्यात बँडेजच्या पट्ट्या गुंडाळत बसलेल्या असत. अप्पा वाचून दाखवत. मग सिस्टर लाल पेन्सिलीनं पानंच्या पानं खोडत, आणि अप्पा घरी येऊन खोडलेलं सगळं पुन्हा लिहीत, वर थोडं वाढवून. हे महिनोन्‌महिने चाललं. टाईप मी करत होतो. माझ्या बोटांना त्या साध्वी संस्थापिकेचं चरित्र इतकं पाठ झालं होतं, की विद्यार्थ्याला रजेचा अर्ज शिकवतानाही हात तिच्याकडंच वळायचा.

दुसरं प्रकरण होतं 'आगमन'. तिथं खरी मजा सुरू झाली.

तीन सिस्टर उमरग्यात उतरल्या तेव्हा त्यांना पहिलं पाणी कुणी दिलं, हे अप्पांना ठरवायचं होतं. त्यांनी गावात विचारायला सुरुवात केली. सिस्टरांच्या इतिहासात नाव छापून पुण्याला जाणार, तिथून कदाचित रोमला जाणार, ही बातमी गल्लीबोळांत पसरली. आणि मग आठवड्याभरात सतरा घरांनी सांगितलं, की पहिलं पाणी आम्हीच दिलं. कुणी तांब्यातून दिलं, कुणी चांदीच्या फुलपात्रातून. एकानं तर गुळाचा खडाही दिला होता. बहात्तर साली उमरग्यात एवढं पाणी होतं, हे आम्हाला बारा वर्षांनी कळलं.

अप्पांनी सतराही जणांच्या सह्या घेतल्या. त्यात आमच्या आईचा अंगठा होता. आई सांगत होती की तिघींतली गोरी सिस्टर पाणी पिऊन रडली आणि आईच्या पाया पडली. त्या अख्ख्या वर्षात आम्ही सोलापूरला मामाकडं जाऊन राहिलो होतो, हे मला चांगलं आठवतं. पण आईच्या अंगठ्याशी कोण भांडणार.

अठरावे आले ते भाऊसाहेब. दूध संघाचे चेअरमन. सोसायटीवरही त्यांचंच पॅनेल होतं. जीप इन्स्टिट्यूटच्या दारात उभी करून ते आत आले, बाकावर अप्पांच्या शेजारी बसले आणि त्यांच्या मांडीवर हात ठेवला. माझ्याकडं बघायची त्यांना गरज वाटली नाही.

"अप्पा, आमच्या वडलांचं नाव घ्या. पहिलं पाणी आमच्या मळ्यातल्या विहिरीचं."

"तुमी पाह्यलं व्हतं?"

"वडील सांगायचे."

"वडील वारले की भाऊसाहेब. सही कुणाची घ्यायची?"

भाऊसाहेब हसले. "इतिहास म्हंजे दुधासारखा असतोय अप्पा. जरा पाणी घातलं तर कुणी मरत न्हाय." मग उठता उठता म्हणाले, "तुमची मुदतवाढ पुढच्या मीटिंगला हाय न्हवं? बगू."

अप्पांचं वय त्या वर्षी अठ्ठावन्न पुरं होत होतं. सोसायटीतून निवृत्त व्हायचं, नाहीतर कमिटीनं दोन वर्षं वाढवून द्यायची. कमिटी म्हणजे भाऊसाहेब. अप्पांनी त्यांचं दुधाचं वाक्य वहीत लिहिलं होतं, पण सही मागायची राहून गेली. मी त्यांना सही न घेता उठलेलं पहिल्यांदा पाहिलं.

त्या दिवशी मी त्यांना म्हटलं, "घाला की अप्पा नाव. मेलेल्या माणसाचं नाव घातल्यानं कुणाचं काय जातंय?"

"घालू," अप्पा म्हणाले. "घालाया काय हरकत न्हाय. विरोधी नोंद कुठं हाय?"

विरोधी नोंद टपालानं आली. पहिल्या तीन सिस्टरांपैकी एक वारली होती, गोरी सिस्टर परत तिच्या मुलखाला गेली होती, आणि तिसरी बेळगावकडं म्हाताऱ्या सिस्टरांच्या घरात होती. सिस्टर फिलोमिनांनी तिला पत्र घातलं होतं. तिचं उत्तर इंग्रजीत आलं, ते त्यांनी आम्हाला सांगितलं. म्हातारीनं लिहिलं होतं, की त्या गावात आम्हाला कुणी घेतलं नाही. रांगेत उभी असलेली एक बाई आम्हाला तिच्या घरी घेऊन गेली. तिचं नाव राणू.

राणूबाई म्हणजे भीमनगरची सुईण. निम्मं उमरगा तिच्या हातावर जन्मलेलं. पण सतरा जणांत तिचं नाव नव्हतं, कारण अप्पांनी भीमनगरात कुणाला विचारलंच नव्हतं. का विचारलं नव्हतं, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. आमच्या गल्लीतून भीमनगर चारशे पावलांवर आहे.

साक्षीदार म्हणून अप्पा मला घेऊन गेले. राणूबाई दारात बसून लसूण निवडत होती. सत्तरीची, काटकुळी, डोळ्यांना जाड चष्मा. अप्पा उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

"बसा की सेक्रेटरी," ती म्हणाली. "हुबं राहून काय लिवताव?"

अप्पा ओट्याच्या कडेवर बसले, अर्धे. मी पत्रातला मजकूर सांगितला. राणूबाईला त्याचं काही विशेष वाटलं नाही.

"व्हय, म्याच नेलं. तीन बाया. एक गोरी, दोन आपल्यावाणी. दूध पावडरीच्या ट्रकातून उतरल्या. पांढरं झगं पार मातीच्या रंगाचं झालं व्हतं."

"पण उतरल्या त्या थेट तुमच्याकडंच कशा आल्या?" अप्पांनी विचारलं.

"आमच्याकडं कशाला येतील? पैल्यांदा तुमच्याकडंच आल्या की."

अप्पांचं पेन थांबलं.

"सोसायटीच्या गोडाऊनला," राणूबाई म्हणाली. "म्या मिलोच्या रांगेत व्हते. ती तांबडी ज्वारी वाटायचाव न्हवं तुमी. माल यायचा व्हता, गोडाऊन रिकामंच व्हतं. त्या म्हणल्या, ऱ्हायाला जागा द्या. तुमी म्हणलाव, आर्ज करा, कमिटी बसंल."

"मग?"

"मग त्यांनी केला आर्ज. आन् बसल्या भितीकडंला, उन्हात. मधी पाणी मागाया मळ्याच्या हिरीवर जाऊन आल्या. तितं भाऊसाहेबाच्या बापानं गडी हुबा केलता, काठी घिऊन. तशाच कोरड्या आल्या. दिस कलाया लागला तवा म्या म्हणलं, चला बायांनो. कमिटी बसंल तवा बसंल."

"तुमच्याकडं पाणी होतं?" मी विचारलं.

"घागरभर व्हतं. आमाला तरी हिरीवर कोण घेत व्हतं? टँकर आला की शेवटाला आमची बारी." ती लसणाच्या पाकळ्या सुपात टाकत बोलत होती. आवाज चढलेला नव्हता. तक्रार सांगते आहे असंही वाटत नव्हतं.

अप्पांनी सगळं लिहिलं. सवयीनं वाचून दाखवलं. मग सवयीनंच शाईचं पॅड काढून पुढं धरलं.

"त्ये ठिवा," राणूबाई म्हणाली. "म्या सही करती. शिस्टरनं शिकवलंया." तिनं अप्पांच्या हातातलं पेन घेतलं आणि पूर्ण नाव लिहिलं, नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट. त्याला बराच वेळ लागला.

तिथून अप्पा सरळ सोसायटीत गेले. जुन्या इतिवृत्तांची पुस्तकं कपाटाच्या खालच्या खणात होती. बहात्तर सालचं काढलं, धूळ झटकली. फार शोधावं लागलं नाही. अप्पांच्याच वळणदार अक्षरात होतं: 'तीन परगावच्या स्त्रियांचा जागेबाबतचा अर्ज वाचला. पुढील सभेत विचारार्थ ठेवावा.' पुढच्या सभेला कोरम झाला नव्हता. तिच्या पुढच्या सभेत विषय निघाला नव्हता.

अप्पा ते पान उघडं ठेवून खुर्चीवर बसले.

"दिगंबर, मला ह्यातलं कायबी आठवत न्हाय," ते म्हणाले. "बाया आठवत न्हाईत, अर्ज आठवत न्हाय. हाकलून दिलं असतं तर आठवलं तरी असतं. म्या तर नियमानं वागलो."

मी माझ्या आईच्या अंगठ्याचा विचार करत होतो.

तपपूर्तीचा कार्यक्रम सिस्टरांच्या अंगणात झाला. मांडव, सतरंज्या, पुण्याच्या मदर मधल्या खुर्चीवर. त्यांच्या उजव्या हाताला अर्थातच भाऊसाहेब. ज्या गावात दवाखाना बांधायला कुणी हातभार लावला नव्हता, ते सगळं गाव नवे कपडे घालून पुढच्या रांगांत आलं होतं. सतराही घरं हजर. आई तर गोरी सिस्टर कशी रडली हे शेजारणींना पुन्हा एकदा सांगत होती. राणूबाई मागं, खांबापाशी.

सिस्टर फिलोमिनांनी अप्पांना चार पानं काढून दिली होती. अप्पा व्यासपीठावर आले, ती चार पानं घडी करून खिशात टाकली आणि दुसरा कागद काढला.

"प्रकरण दुसरे. आगमन," त्यांनी सभेच्या आवाजात सुरुवात केली. "सन बहात्तरच्या दुष्काळात तीन सिस्टर उमरगा मुक्कामी आल्या. त्यांनी निवाऱ्यासाठी पहिला अर्ज सोसायटीकडे केला. गोडाऊन रिकामे होते. सेक्रेटरी गुरुलिंगअप्पा, म्हणजे प्रस्तुत लेखक, यांनी कमिटी बसल्यावर विचार होईल असे सांगितले. कमिटी बसली नाही. अर्जदार दिवसभर उन्हात बसले."

मांडवात कुजबूज सुरू झाली. अप्पा थांबले नाहीत.

"मध्यंतरी अर्जदार पाण्यासाठी मळ्यातील विहिरीवर गेले. तेथे काठीचा बंदोबस्त होता. पाणी देण्यात आले नाही. सदर विहिरीचे वारस आज व्यासपीठावर आहेत. सायंकाळी राणूबाई, राहणार भीमनगर, यांनी कोणताही अर्ज न मागता तिघींना घरी नेले. त्या घरात त्या वेळी एक घागर पाणी होते. पहिले पाणी ते." त्यांनी कागद उलटला. "सोबत सतरा घरांचे जबाब जोडले आहेत. त्यांवरील सह्या व अंगठे खरे आहेत. मजकूर घडलेला नाही."

टाळ्या फक्त एका माणसानं वाजवल्या, त्या पुण्याच्या मदरनी. त्यांना मराठी बेताचंच येत होतं. आपल्या संघाचं गौरवानं वर्णन चाललंय असं समजून त्यांनी हसून भाऊसाहेबांकडंही पाहिलं. भाऊसाहेबांना हसावं लागलं. मग ते माईक घेऊन म्हणाले, "अप्पांचं आता वय झालंय," आणि फराळ न करता जीपमध्ये बसले. त्यांच्यामागं पुढच्या रांगाही उठल्या. लाडू घेऊन उठल्या, ते सोडा.

आई माझ्याशी चार दिवस बोलली नाही. जणू तो मजकूर मीच खोडला होता.

राणूबाई जाताना अप्पांजवळ थांबली. "बरं लिवलंय," म्हणाली. "पर जरा लांबलं."

पुढच्या मीटिंगला अप्पांची मुदतवाढ नामंजूर झाली. ठराव सर्वानुमते होता. त्याचं इतिवृत्त अप्पांनीच लिहिलं, शुद्धलेखनाच्या एकाही चुकीशिवाय, आणि किल्ल्या टेबलावर ठेवून ते माझ्या बाकावर येऊन बसले. मला वाटलं, आता इतिहास संपला, माझी बोटं सुटली. पण नाही. अप्पांनी पुरवण्या काढल्या. दवाखान्याची पुरवणी, प्रार्थनाघराची पुरवणी, अंगणातल्या लिंबाच्या झाडाची पुरवणी. इतिहास केव्हाच पुण्याला गेला होता, तरी चार वाजले की अप्पा पानं घेऊन निघतच. मी मनातून वैतागलो होतो. गावात तर लोक उघड म्हणत, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय, आता बाटणार बहुतेक.

मग सिस्टर फिलोमिनांची बदली झाली. वरून पत्र आलं, आठ दिवसांत निघायचं. कर्नाटकात कुठंतरी आत, कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यात. आज्ञापालनाची शपथ असते, त्यात हरकतीला जागा नसते. अप्पांनी ते स्वतःच पहिल्या प्रकरणात सविस्तर लिहिलं होतं.

सकाळच्या बसला आम्ही दोघं त्यांना पोचवायला गेलो. एक पत्र्याची पेटी, एक पिशवी, एवढंच सामान. गाडी लागलेली होती, सुटायला वेळ होता. सिस्टर खिडकीत बसल्या आणि अप्पा खाली उभे राहिले. आणि दोघं कानडीत बोलायला लागले.

चार वाजता व्हरांड्यात दोघं काय बोलतात, हे मी कधी ऐकलं नव्हतं. मला वाटायचं, प्रकरणांवर वाद चालत असेल. इथं मी पहिल्यांदा पाहिलं. हा माणूस ठरावाच्या भाषेत बोलत नव्हता. भरभर बोलत होता, मध्येच हसत होता, हातवारे करत होता, तोंडावर हात घेऊन लाजतही होता. सिस्टर त्यांना काहीतरी दटावत होत्या आणि ते मान खाली घालून ऐकत होते. मला त्यातलं अक्षर कळलं नाही. गाडी हलली तेव्हा सिस्टरनी खिडकीतून हात बाहेर काढून त्यांच्या डोक्यावर ठेवला, इतकं मला दिसलं.

परत येताना अर्ध्या वाटेत मी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"जेवत जा म्हणली येळेवर."

"एवढा वेळ?"

अप्पांनी कोटाच्या खिशातली वही चाचपली. मग म्हणाले, "आमची घरची बोली कानडी, दिगंबर. आई कानडी, बायको कर्नाटकातल्या आळंदकडली. लेकरं इथल्या साळंत शिकली, मराठी झाली, नोकरीला भाईर गेली. बायको गेली तवापासनं घरात कानडीत बोलाया कुणी न्हाय. आठ वर्षं झाली. सपनात बोलायचो तेवढंच." रस्त्याकडंच बघत ते म्हणाले, "चार पानांत झालं असतं रं काम. मलाबी कळत व्हतं."

दुसऱ्या दिवशी चार वाजता ते माझ्याकडं आले. हातात कागद नव्हते. बाकावर बसले, कोट नीट केला आणि भिंतीकडं बघत राहिले. झोपलेही नाहीत.

हैदराबाद रस्त्याच्या ढाब्यावर कर्नाटकातले ट्रकवाले थांबतात. त्यांच्या तोंडून ऐकून मला एकच वाक्य येत होतं. मी मशीन थांबवलं आणि ते म्हटलं.

"ऊटा आयतेनरी, अप्पा?"

जेवण झालं का, एवढाच त्याचा अर्थ. माझा उच्चारही चुकलाच असणार. अप्पांनी माझ्याकडं वळून पाहिलं. मग ते बोलायला लागले. आधी हळू, मग भरभर. जेवणाच्या प्रश्नाला एवढं लांब उत्तर लागत नाही, म्हणजे ते दुसरंच काहीतरी सांगत असणार. चारच्या बॅचची मुलं दारात येऊन उभी राहिली. त्यांना मी हातानंच थांबा म्हटलं, आणि एक अक्षरही कळत नसताना मान डोलवत बसून राहिलो.